गोंदकरकाकांची कार्बाइन

गोंदकरकाका कुणाच्याही घरी गेले की नमस्कार-चमत्कार व्हायच्या आधी त्यांचा उजवा हात टेबलाखाली जायचा. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले ते वास्तुशांतीला. डॅलसजवळच्या या उपनगरात आम्ही घर घेऊन जेमतेम महिना झाला होता. समोरच्या ओळीत एक वयस्कर मराठी जोडपं राहतं एवढंच कळलं होतं, म्हणून बोलावलं. काका आले, पूजेला बसलेल्यांना वळसा घालून सरळ डायनिंग टेबलापाशी गेले, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि मला म्हणाले, "भुसा आहे."

मला वाटलं, टेबल पुसायचं राहिलंय. मी फडकं आणायला वळले.

"धूळ नाही गं. भुसा. लाकडाचा भुसा गोंदात कालवून दाबलाय आणि वरून लाकडाचं चित्र चिकटवलंय. केवढ्याला घेतलंस?" मी तोंड उघडणार तोच म्हणाले, "नको, सांगू नकोस. मला वाईट वाटेल."

त्या दिवशी मला त्यांचा रागच आला होता. पुढच्या शनिवारी ते स्वतःहून परत आले. देवघराचं दार घासत होतं ते त्यांना पूजेच्या वेळी दिसलं होतं. खिशातून छोटा रंधा काढून त्यांनी दाराच्या कडेचे दोन पापुद्रे काढले, दार तीनदा उघडून-मिटून पाहिलं आणि चहाही न घेता निघून गेले.

इथल्या मराठी मंडळात जुनी माणसं म्हणजे डॉक्टर नाहीतर इंजिनियर, आणि नवी म्हणजे आमच्यासारखी आयटीतली. काका दोन्हींत बसत नव्हते. भारतात असताना चौदा वर्षं ते एका सरकारी शस्त्र कारखान्यात लाकूडकामाला होते. बंदुकीला मागे जो लाकडी दस्ता असतो, जो खांद्याला लावतात, तो घडवायचं काम. शालिनीकाकूंच्या डॉक्टर भावाने बहिणीला स्पॉन्सर केलं आणि दोघं लहानग्या समीरला घेऊन टेक्ससला आली. काकू शाळेच्या कॅफेटेरियात लागल्या. काका स्वयंपाकघरातली कपाटं बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे सव्वीस वर्षं त्यांनी यंत्रात फळ्या सरकवल्या.

"तिथे लाकडाला हात लावायचा नसतो," ते म्हणायचे, "बटणाला लावायचा."

एका गणपतीत कुणीतरी त्यांना विचारलं, "तुम्ही कशात आहात?" काकू घाईघाईने म्हणाल्या, "फर्निचरच्या बिझनेसमध्ये होते." काका म्हणाले, "बिझनेस नाही. कपाटांची दारं कापायचो." विचारणारे गृहस्थ हसून दुसरीकडे वळले. काकू परतीच्या वाटेवर गाडीत रडल्या, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं.

काकांनी कार्बाइन घरी आणली त्याला आता चार वर्षं होतील. मागच्या गल्लीतली एक अमेरिकन म्हातारी नवरा गेल्यावर घर रिकामं करत होती. गॅरेजबाहेर मांडलेल्या फावड्या-कुदळींत ती पडली होती. कार्बाइन म्हणजे आखूड नळीची, हलकी रायफल. ही दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या घडणीची होती. पण म्हातारीच्या नवऱ्याने तिचा मूळ लाकडी दस्ता काढून टाकून काळा प्लास्टिकचा बसवला होता, वर चकचकीत नळ्या आणि पकडी स्क्रूने पिळल्या होत्या, आणि लोखंडावर डब्यातला काळा रंग फवारला होता. तशा अवस्थेत ती कुणालाच नको होती. म्हातारीने नाममात्र पैशांत दिली.

"बिचारीला रेनकोट घातलाय," काका म्हणाले.

काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी दोन अटी घातल्या. एक, घरात गोळी यायची नाही, एकसुद्धा. दोन, पेन्शनमधला छदाम त्या वस्तूवर खर्च करायचा नाही. लोकांच्या खुर्च्या-देव्हारे दुरुस्त करून जे मिळेल त्यातच काय ते भागवायचं. काकांना पहिली अट अट वाटलीच नाही. त्यांनी आयुष्यात बंदूक कधी झाडलीच नव्हती. दुसरी मात्र अडचणीची होती, कारण लोकांचे देव्हारे दुरुस्त करून पैसे मागायला ते लाजायचे.

मग ते माझ्याकडे आले. "तू कॉम्प्युटरवाली आहेस. मला हिच्या मापाचा जुना लाकडी दस्ता शोधून दे. स्वस्तातला. तडकलेला चालेल, पण भुशाचा नको."

माझी मुलगी सई तेव्हा दुसरीत होती. तिच्या शाळेत दर थोड्या महिन्यांनी बंदूकवाला शिरला तर काय करायचं याची ड्रिल होते. बाकाखाली बसायचं, आवाज करायचा नाही. घरी येऊन ती सांगते, "आय वॉज द क्वायटेस्ट." मी काकांना स्पष्ट सांगितलं, "काका, मला त्या वस्तूची भीती वाटते."

"वाटायलाच पाहिजे," ते म्हणाले. "मलाही वाटते. चौदा वर्षं वाटत होती. हजारोंना अंग दिलं मी, मेघना. कुठे गेल्या, कुणी धरल्या, कुणाला लागल्या, काही माहीत नाही. विचार केला असता तर कामच झालं नसतं. पण त्यातला एक दस्ता कधी मनासारखा वेळ घेऊन करता आला नाही. दिवसाला ठरलेले नग द्यावे लागत. एक तरी करू दे."

मी दस्ता शोधला. त्यांना अक्रोडाचा हवा होता. परवडला तो बर्च नावाच्या फिकट लाकडाचा. पांढुरका, तेलकट, जागोजागी खड्डे पडलेला. काकांनी तो दोन्ही हातांत घेतला, वास घेतला आणि म्हणाले, "चालेल. हिला चहा पाजू."

त्याच सुमारास माझी आई नागपूरला वारली. आमचे व्हिसाचे कागद अडकलेले होते. देशाबाहेर पडले असते तर परत यायची खात्री नव्हती. मी गेले नाही. फोनच्या पडद्यावर आईला नेताना पाहिलं. मंडळातल्या बायका येऊन बसल्या, जेवण ठेवून गेल्या. काका आले नाहीत. शनिवारी दुपारी मी कचऱ्याचा डबा रस्त्यावरून आत घेत होते, तेव्हा त्यांनी गॅरेजमधून हाक मारली. गेले तर हातात सँडपेपरचा तुकडा दिला.

"घे. रेषांच्या दिशेनेच. उलटं नाही."

मी तासभर घासत राहिले. निघताना फक्त म्हणाले, "पुढच्या शनिवारी बारीक कागद आणून ठेवतो."

अशी मी त्या बंदुकीत ओढली गेले. जवळजवळ सहा महिने शनिवारची दुपार मी त्यांच्या गॅरेजमध्ये काढली. प्रत्येक वेळी सुरुवात एकच. आधी ते लोखंडी भाग उघडून मला दाखवत, "बघ, रिकामी आहे." मी पाहून "रिकामी" म्हटल्याशिवाय काम सुरू होत नसे. दस्त्यात पडलेल्या खड्ड्यांवर ओलं फडकं ठेवून ते इस्त्री फिरवत. वाफ धरून दबलेलं लाकूड फुगून वर येई. ती इस्त्री काकूंची होती. काकू आतून ओरडत, "माझ्या साडीवर तेलाचे डाग पडले तर बघा." फडकंही त्यांच्याच जुन्या सुती साडीचं होतं.

बर्चला अक्रोडाचा रंग आणायला बाजारात महागडी रसायनं मिळतात. काकांनी दाट चहा उकळला, गाळून गार केला आणि तो दस्त्याला चार वेळा पाजला. व्हिनेगरमध्ये भांडी घासायचा लोखंडी काथ्या आठवडाभर बुडवून ठेवला होता. ते पाणी चहावर फिरवलं तसं माझ्या डोळ्यांदेखत लाकूड काळवंडत गेलं. मी घाबरले.

"बिघडलं का?"

"थांब. आत्ता ते रुसलंय. तेल लागलं की बोलेल."

जवसाचं तेल ते तळहाताने चोळत. ब्रशने लावू म्हटलं तर म्हणाले, "ब्रशला कुठे कळतंय लाकूड पितंय का ते?" लोखंडावरचा फवारलेला रंग त्यांनी जुन्या टूथब्रशने, कोपऱ्या-कोपऱ्यातून काढला आणि त्याच्यावर काळसर निळी झिलई आणणारी एक बाटली तेवढी विकत घेतली. दस्त्यानंतरचा सगळ्यात मोठा खर्च तो. ती बाटली आणताना त्यांनी काकूंना पावती दाखवली.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ती पूर्ण झाली. मला बंदुकीतलं काही कळत नाही, पण ती सुंदर होती हे मला नाकारता येत नाही. गडद तपकिरी दस्ता, त्यातून धुरासारख्या निघालेल्या रेषा, आणि लाकूड-लोखंडाच्या मध्ये केसही जाणार नाही अशी बैठक. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराला हात पुसून त्यांनी एकदा दस्त्यावरून बोटं फिरवली आणि म्हणाल्या, "एवढं येत होतं तुम्हाला?"

एवढी वर्षं एकत्र काढून काकूंनी त्यांचं काम त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं होतं. सव्वीस वर्षांची कपाटं पाहून कुणाला काय दिसणार होतं?

जानेवारीत मी काही कामासाठी गेले तर काका गॅरेजमध्ये दस्ता घासत बसलेले. चहाचा रंग, तेल, सगळं उतरून लाकूड पुन्हा पांढरं पडलं होतं.

"काका, हे काय? झालं होतं ना?"

"झालं कुठे? फिनिशिंग राहिलंय."

मला वाटलं, कारागिराचं समाधान होत नाही ते असं. त्यांनी पुन्हा रंग दिला, पुन्हा तेल लावलं. मार्चमध्ये पुन्हा पांढरा. दर वेळी लाकूड थोडं झिजत होतं. आता लोखंड दस्त्यात सैल बसायला लागलं होतं. मध्ये नख जाईल एवढी फट, मग नाणं जाईल एवढी. केसाएवढी फट ज्या माणसाला हाताने कळायची, त्याला ती दिसत नव्हती. मला दिसत होती. ते म्हणत, "कागद संपला गं," आणि मी येताना सँडपेपर घेऊन जात होते. मी न्यायला नको होता.

शेवटी काकूंशी बोलले. जवळच्या अर्विंगला देशी वाणसामान आणायला आम्ही दोघी एकत्र जायचो, तेव्हा गाडीत. काकू खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "मला माहितेय. जेवून उठतात आणि म्हणतात, आज जेवण नाही का? मला परवा काकू म्हणाले. तुझं ऐकून असेल."

"समीरला सांगायला हवं."

"नको. तो आला की आधी ती बंदूक नेईल. मग गाडीची किल्ली. मग आम्हाला." मग म्हणाल्या, "तो चुकीचं करेल असं नाही. पण एकदा सांगितलं की संपलं. अजून थोडे दिवस."

मी थोडे दिवस दिले. एवढंच नाही, काकांनी "हा दस्ता बाद झालाय, दुसरा शोधून दे" म्हटल्यावर मी दुसराही मागवला. त्या वेळी मला तो दयाळूपणा वाटला. दस्ता हातात असला की ते पूर्वीचे काका असायचे. सईचं नाव विसरायचे, पण कुठल्या लाकडाला किती घासायचं ते विसरत नव्हते. दुसरा दस्ता त्यांनी दोन महिन्यांत पूर्ण केला, आणि तो पहिल्यापेक्षा सरस झाला. हे मी कौतुकाने सांगत नाही. हात पूर्ण शाबूत होता आणि माणूस जात होता. हे किती भयंकर असतं ते मला तेव्हा कळलं नाही.

जूनमधला मंगळवार होता. मी घरून काम करत होते, मीटिंग चालू होती. खिडकीतून पाहिलं तर काका रस्त्याच्या मधोमध चाललेले. इस्त्रीचा शर्ट, आत खोचलेला, पायात बूट. दोन्ही हातांत, तबक धरावं तशी, ती कार्बाइन.

मी लॅपटॉप तसाच टाकून धावले. पण कुणीतरी आधीच फोन केला असणार. मी अंगणात पोचेपर्यंत पोलिसांच्या दोन गाड्या वळल्या होत्या. दारांआडून तीन पिस्तुलं त्यांच्यावर रोखलेली.

"ड्रॉप इट. ड्रॉप द वेपन."

काका थांबले. त्यांनी कार्बाइन पुढे केली, दस्ता पोलिसांच्या बाजूला, नळी स्वतःकडे. माझ्याकडे पाहून मराठीत म्हणाले, "साहेब टाका म्हणतायत. टाकू कशी? दस्ता फुटेल."

मी ओरडून सांगितलं की ते आजारी आहेत, ती रिकामी आहे. एक पोलीस माझ्यावर खेकसला, जागची हलू नकोस. मी हलले नाही. आमच्या दोघांत वीस पावलं असतील.

"काका, टाकू नका. खाली ठेवा."

"सिमेंटवर? चरे पडतील."

"गवतावर ठेवा. हळू ठेवा. साहेबांनीच सांगितलंय."

ते कडेच्या गवतापर्यंत सरकले. पोलीस आणखी मोठ्याने ओरडू लागले. काका गुडघ्यांवर बसले, बसायला त्यांना वेळ लागायचा, आणि त्यांनी ती गवतावर ठेवली. मग वाकून त्यांनी दस्त्यावर आलेली गवताची काडी बोटाने बाजूला केली. त्या क्षणी ते गेले असं मला वाटलं. माझे डोळे मिटले गेले. उघडले तेव्हा दोन पोलीस त्यांना पालथं घालून हात मागे बांधत होते. त्यांची हनुवटी फुटली होती. काकू कणकेने माखलेल्या हातांनी दारातून धावत आल्या, आणि त्यांनाही हात वर करायला लावलं.

"इन्स्पेक्शनला चाललो होतो," काका रस्त्यावर गाल टेकून म्हणत होते. "उशीर झाला तर लॉट जाईल."

काकूंनी पुढे इस्पितळात त्याचा अर्थ सांगितला. कारखान्यात दस्ता तयार झाला की दोन्ही हातांत धरून इन्स्पेक्टरकडे न्यायचा असे. तो पास झाला की लाकडावर छोटा शिक्का बसे. काकांचा दस्ता चौदा वर्षांत एकदाही परत आला नव्हता. त्या दिवशी सकाळी ते कारखान्यात होते.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं ते आम्हाला माहीत होतंच. समीर दुसऱ्या दिवशी सिएटलहून आला. भला मुलगा आहे. त्याने सगळे कागद केले, पोलिसांशी बोलला, काही खटला होणार नाही याची खात्री करून घेतली. मग माझ्याकडे आला.

"मेघनाताई, बाबांना ते पार्ट्स तुम्ही ऑर्डर करून दिले?"

"हो."

"दुसरासुद्धा?"

"हो."

तो वळून काकूंकडे गेला. रागावला असता तर बरं झालं असतं.

कार्बाइन पोलिसांकडे जमा होती. परत हवी असेल तर अर्ज करा, नको असेल तर सही करा, आम्ही विल्हेवाट लावू, असं पत्र आलं. काकूंना घेऊन मी गेले. काचेपलीकडे बसलेल्या बाईने कागद पुढे सरकवला. काकूंनी पेन हातात घेतलं आणि मला म्हणाल्या, "तिला विचार, नुसतं लाकूड परत मिळेल का?"

मी विचारलं. बाई भल्या होत्या, आत जाऊन विचारूनही आल्या. नाही, म्हणाल्या, ती एकच वस्तू म्हणून नोंदलेली आहे. काकूंनी सही केली.

काका इस्पितळातून घरी आले आणि पहिला प्रश्न तोच. "कुठे आहे ती?" काकू म्हणाल्या, "इन्स्पेक्शनला दिलीय." हे उत्तर आम्ही तिघांनी ठरवलं होतं. त्यांना ते पटलं. चेहरा निवळला. त्या आठवड्यात आम्हाला आपण शहाणपणा केल्यासारखं वाटलं.

पण ते रोज विचारू लागले. "निकाल आला?" त्यांना काल काय जेवलो ते आठवत नसे, हे आठवत असे. आम्ही म्हणायचो, अजून नाही. दिवसातून चार-पाच वेळा. पास झाली असं सांगावं, असं मी काकूंना सुचवलं. त्या घाबरल्या. "पास झाली म्हटलं तर आणायला निघतील. पुन्हा रस्त्यावर जातील. त्या दिवशी वाचले, दर वेळी वाचतील का?" समीरचंही तेच मत पडलं. मग आम्ही सगळे "अजून नाही" वर राहिलो.

दोनेक महिन्यांनी त्यांनी विचारणं बंद केलं. मला वाटलं, विसरले. एका दुपारी मी त्यांच्याजवळ बसले होते, काकू औषधं आणायला गेल्या होत्या. काका स्वतःच्या तळहातांकडे पाहत होते.

"एवढे दिवस लागत नाहीत, मेघना," ते म्हणाले. "रिजेक्ट झाली असणार. तुम्ही लोक सांगत नाही मला."

"नाही हो काका."

"हात गेला माझा. मला कळायला हवं होतं."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. काकू घरात नव्हत्या. कुणाला कळलंही नसतं. माझ्या ओठांवर आलं होतं, आणि मग मला तो रस्ता दिसला, ती तीन पिस्तुलं दिसली. मी म्हणाले, "येईल निकाल." त्यांनी मान हलवली, जशी आपण खोटं बोलणाऱ्या लहान मुलापुढे हलवतो तशी.

त्यानंतर त्यांनी लाकडाला हात लावला नाही. मी त्यांच्यासाठी मुद्दाम घासायला पोळपाट नेला, सईची मोडकी खुर्ची नेली. ते नम्रपणे म्हणायचे, "दुसऱ्या कुणाला तरी दे. माझ्याकडून बिघडेल." हात मांडीवर उताणे ठेवून दिवसभर बसत. गॅरेजचा दरवाजा समीरने कुलूप लावून बंद केला होता, पण त्याची गरजच उरली नव्हती.

पुढच्या हिवाळ्यात त्यांना अशा आजाऱ्यांच्या निवासात ठेवावं लागलं. काकूंना त्यांचं उठवणं-बसवणं झेपेना. तिथे जेवणाला चमचा, बोलायला इंग्रजी. काकांचं इंग्रजी आधी गेलं, मग ते गप्पच झाले. मी रविवारी जायचे. कधी ओळखत, कधी नाही.

शेवटच्या रविवारी मी ठरवून गेले होते. आता ते कुठे निघणार नव्हते, चालणंच थांबलं होतं. काकू समीरशी फोनवर बोलायला काचेच्या दाराबाहेर व्हरांड्यात गेल्या. मी त्यांच्या खुर्चीपुढे खाली बसले आणि त्यांचे दोन्ही हात धरले.

"काका, निकाल आला. दस्ता पास झाला. शिक्का बसला."

ते माझ्याकडे पाहत राहिले. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तोंड उघडलं. आवाज स्वच्छ होता.

"कुणाचा?"

"तुमचा. तुम्ही केलेला."

"तुमची काहीतरी गल्लत होतेय बाई," ते म्हणाले. मला ते अहो-जाहो करत होते. "मला असलं काम येत नाही. कधी शिकलोच नाही मी." आणि मला वाईट वाटू नये म्हणून की काय, त्यांनी माझे हात हलकेच सोडवून माझ्याच मांडीवर ठेवले.

नऊ दिवसांनी ते गेले. दहनगृहात आम्हाला अर्ध्या तासाची वेळ मिळाली होती. मंडळातली सहा-सात माणसं आली. कुणीतरी दोन शब्द बोलावेत म्हणून एकाने उभं राहून सांगितलं की गोंदकरकाका फार साधे गृहस्थ होते, फर्निचरच्या क्षेत्रात होते. काकूंनी या वेळी ते खोडलंही नाही आणि दुजोराही दिला नाही.

काकू आता सिएटलला समीरकडे असतात. रविवारी त्यांचा फोन येतो. त्यांना माहीत आहे की शेवटच्या रविवारी मी एकटी काकांपाशी होते आणि ते माझ्याशी बोलले होते. काचेतून त्यांनी ओठ हलताना पाहिले होते. पहिल्याच फोनवर त्यांनी विचारलं, काय म्हणाले? मला खरं सांगवेना. मी म्हणाले, "मी त्यांना दस्ता पास झाल्याचं सांगितलं काकू. त्यांना कळलं. फार बरं वाटलं म्हणाले."



"म्हणजे कळत होतं त्यांना," काकू म्हणाल्या. "मग आधी सांगितलं असतं तर चाललं असतं. मीच नको म्हणाले."

आता मी ते परत कसं घेऊ? दर रविवारी त्या हेच म्हणतात, आणि दर रविवारी मी म्हणते, "तसं नाही हो काकू." त्याच्यापुढचं वाक्य मला अजून सापडलेलं नाही.